बंदूक मोजता, काडतुसांचे काय?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात बंदुकीचा विषय दोन वाटांनी येतो. पहिली वाट शेतातली. ऊस आणि मका वाढला की रानडुकरांना दिवसभर दडायला जागा मिळते. रात्री ती भुईमुगात उतरतात आणि उकरून ठेवलेले रान सकाळी बघवत नाही. हरभरा कोवळा असताना हरणांचे कळप येतात. राखणीला बसलेल्या माणसाच्या हातात बॅटरी, फटाके आणि काठी एवढेच असते. एखाद्याकडे परवान्याची बंदूक असली तर गावात तिचा आधार वाटतो. दुसरी वाट अलीकडची आणि काळजी करायला लावणारी आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर सुरू झाली. एकट्या या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे तेव्हा समोर आले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या. पुढे शंभराहून अधिक परवाने रद्द झाले आणि ते योग्यच झाले. पण त्या सगळ्या गदारोळात मोजणी झाली ती परवान्यांची आणि बंदुकांची. काडतुसांबद्दल फारसे कुणी विचारले नाही.

हा प्रश्न आता काढण्याचे कारण आहे. बंदुकीची हौस असलेल्या मंडळींत एक मागणी अधूनमधून ऐकू येते. काडतुसे महाग आहेत, जुन्या आणि मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलींची तर मिळतच नाहीत. तेव्हा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घरच्या घरी पुन्हा भरू द्या, अमेरिकेत लाखो लोक भरतात, असा तो युक्तिवाद. वरवर पाहता त्यात वावगे काही दिसत नाही. बंदूक परवान्याची, माणूस परवान्याचा, पुंगळीही त्याने रीतसर विकत घेतलेली. मग टाकून देण्यापेक्षा भरली तर बिघडले कुठे? माझे मत स्पष्ट आहे: घरी काडतूस भरण्याची मुभा आपल्याकडे देऊ नये. शस्त्र परवान्याची सगळी व्यवस्था ज्या एका हिशेबावर उभी आहे, तो हिशेबच त्या मुभेने कोलमडतो. आणि हा हिशेब आजही ढिला आहे, म्हणून तो आधी घट्ट करायला हवा.

आधी वस्तू नीट पाहू. काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की टोपी फुटते, दारू पेटते, गोळी सुटते आणि पुंगळी मागे उरते. चौघींत महाग आणि टिकाऊ ती पुंगळीच. झाडताना ती किंचित फुगते. तिला साच्यातून काढून मूळ मापावर आणायचे, जुनी टोपी ढकलून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि तोंड आवळायचे, असा पुनर्भरणाचा क्रम असतो. बहुतेक आधुनिक रायफलींच्या पुंगळीला खांदा आणि अरुंद मान असते. तिथे साचा बसवणे नाजूक काम. जुन्या मोठ्या बोअरच्या काडतुसांत मात्र बऱ्याच पुंगळ्या बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ सरळ, नळीसारख्या असतात. त्यांना खांदा नाही, म्हणून साचा सोपा आणि हौशी माणसाला सुरुवात करायला त्या बऱ्या वाटतात. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले बाराबोरचे काडतूसही सरळच असते.

पण सरळ पुंगळीत एक फसवा धोका आहे. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० या काडतुसाचे उदाहरण घ्या. नावातला ४५ हा गोळीचा व्यास, इंचाच्या शतांशात. ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. काळी दारू धुराची आणि मंद असायची, तिने पुंगळी पूर्ण भरायची. पुढे बिनधुराची दारू आली. ती कितीतरी जोरकस असल्याने तेवढ्याच कामाला थोडी पुरते आणि मोठ्या पुंगळीचा बराच भाग रिकामा राहतो. त्या रिकाम्या जागेत चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती मावते आणि वरून गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय या एकाच काडतुसासाठी अमेरिकी पुस्तकांत दारूच्या प्रमाणाचे तीन वेगळे तक्ते छापलेले असतात: जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी हलका, लिव्हर ओढून चालवायच्या रायफलीसाठी मधला आणि आजच्या भक्कम रायफलीसाठी जड. जड भरलेल्या काडतुसाचा दाब हलक्याच्या सुमारे दुप्पट. तिन्ही काडतुसे शेजारी ठेवली तर डोळ्यांना एकसारखी दिसतात आणि तिन्ही एकाच नळीत बसतात. आजोबांच्या काळातली बंदूक आणि नातवाने भरलेले काडतूस यांची गाठ पडली, तर फुटते ती नळी आणि जातो तो हात किंवा डोळा. कारखान्यात प्रत्येक खेपेतली नमुन्याची काडतुसे दाबाच्या चाचणीतून जातात. घरातल्या टेबलावर ती चाचणी होत नाही. त्यात दारूचे डबे आणि टोप्यांच्या पेट्या पत्र्याच्या खोलीत, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साठवायच्या. बिनधुराची दारू तर सततच्या उष्णतेने खराबही होत जाते.

कुणी म्हणेल, धोका त्याचा त्याने पत्करला, सरकारने मधे का पडावे? इथे कायद्याची रचना समजून घ्यायला हवी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची व्याख्या भरलेल्या काडतुसापुरती नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री हेही दारूगोळ्यातच धरले आहेत. काडतूस तयार करण्याला कलम ५ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. इतकी कडक शिक्षा कशासाठी, याचे उत्तर परवान्याच्या पुस्तिकेतच मिळते. तिथे बंदुकीच्या क्रमांकाशेजारी दोन आकडे असतात: एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. म्हणजे सरकार माणसाला नुसती बंदूक देत नाही. ती किती वेळा झाडता येईल, यालाही मर्यादा घालते. दुकानदाराने वहीत नोंद करायची, पुस्तिकेवर नोंद करायची, त्यावर तपासणी व्हायची. घरी भरण्याची मुभा दिली की हा दुसरा आकडा निरर्थक होतो. एकदा घेतलेली पुंगळी चार वेळा भरली तर कागदावर एक काडतूस आणि प्रत्यक्षात पाच.

आणि काडतूस हीच मोक्याची जागा आहे. बंदूक गावठी बनते हे आपण रोज वाचतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेले उमर्टी हे गाव बेकायदा पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथली शस्त्रे महाराष्ट्रात पकडली जातात. लोखंड कापून, नळी बसवून कट्टा तयार करणारा कारागीर सापडतो. पण भरवशाचे काडतूस बनवणे त्या मानाने अवघड. टोपी, दारू आणि अचूक पितळी पुंगळी या तिन्हींचा मेळ लागतो. म्हणून शस्त्र गावठी असले तरी त्यात घातलेले काडतूस सहसा कारखान्याचे असते आणि ते कुठल्या ना कुठल्या कायदेशीर साखळीतून गळालेले असते. ही गळती बंद करता आली तर कट्टा म्हणजे नुसते लोखंड. आता याच ठिकाणी, परवानाधारकांच्या घराघरांत साचे, टोप्या आणि दारूचे डबे ठेवायला परवानगी दिली, तर आपण आपल्या हाताने गळतीचे तोंड रुंद करू. प्रत्येक परवानाधारक गुन्हेगार असतो असे मी म्हणत नाही, बहुतेक नसतातच. पण बीडमध्ये परवाने कसे आणि कुणाला गेले हे आपण पाहिले आहे. तेच परवाने उद्या काडतुसे भरण्याचे परवाने झाले असते तर काय झाले असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. हिंदी माणसाच्या हाती काडतूस नको, ही भीती इंग्रजांची होती. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनने त्याच भीतीपोटी आणला. स्वतंत्र देशात तीच भाषा का? या आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे, आणि नेमका मोठ्या बोअरच्या काडतुसांचाच. १८९८ मध्ये जॉन रिग्बी या बंदूक कारखानदाराने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे सव्वातीन इंची, सरळ पुंगळीचे काडतूस आणले. हत्ती, गवा, वाघ अशा मोठ्या शिकारीसाठी ते लवकरच लोकप्रिय झाले. पण ब्रिटिश फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच गोळीच्या होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ बंडखोरांच्या हाती गेलेल्या होत्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी आणि टोपी काढून ती मार्टिनी-हेन्रीच्या पुंगळीत भरतील, या धास्तीने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. म्हणजे कुणीतरी घरी बसून काडतूस भरील, एवढ्या शक्यतेवर एका साम्राज्याने बाजारपेठ बंद केली. परिणाम काय झाला? हॉलंड अँड हॉलंडने .४६५ आणले, जोसेफ लँगने .४७०, इतरांनी .४७५ आणि .४७६. शिकारी साहेबांना आणि संस्थानिकांना रायफली मिळतच राहिल्या. बंदीने बोअर बदलला, बाकी काही थांबले नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बोअरवर बंदी घालणे हा आळशी कायदा असतो. आकडा बदलून कारखानदार मोकळा होतो, म्हणून अमुक रायफल नको, तमुक नको अशी यादी करण्यात मला रस नाही. दुसरी गोष्ट अशी की इंग्रजांना भीती होती ती त्यांच्या सत्तेविरुद्ध उठणाऱ्याची. आज प्रश्न सत्तेचा उरलेला नाही. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी गच्चीवर उभ्या असलेल्या पोरीला लागते, बांधाच्या भांडणात भावकीवर नळी रोखली जाते, सरपंचाला धमकावले जाते. अशा बेफिकीर, उत्सवी गोळीबारासाठी २०१९ मध्ये संसदेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची स्वतंत्र तरतूद करावी लागली. १९५९ चा कायदा आपल्या संसदेने, लिटनचा वारसा दूर सारून केला. त्याने नागरिकाला परवाना मागण्याचा हक्क दिला आणि शेजाऱ्याला सुरक्षित राहण्याचाही. काडतुसाचा हिशेब हा त्या दुसऱ्या हक्काचा भाग आहे.

अमेरिकेचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून तोही तपासू. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायचे तर लागतो. ओहायो, मिशिगन यांसारख्या मध्य-पश्चिमेकडील राज्यांनी हरणांच्या शिकारीत सरळ पुंगळीच्या रायफलींना मुद्दाम परवानगी दिली, कारण सपाट आणि वस्तीच्या प्रदेशात त्यांची गोळी लांब जात नाही. विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड नावाचे काडतूस आणले तेही याच बाजारासाठी. हे सगळे खरे आहे. पण तिथे शिकार कायदेशीर आहे, तिचा हंगाम ठरलेला आहे आणि वर्षाकाठी शेकडो काडतुसे झाडणारा शिकारी सर्वसामान्य माणूस आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली. संस्थानिकांच्या दुनळी बंदुका आज पाहायच्या त्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयासारख्या ठिकाणी. ज्या रायफलीने मारायला आता काहीच नाही, तिला दरवर्षी काडतुसे कशाला लागतील? वारशाने आलेली रायफल जपण्यासाठी काडतूस लागत नाही. इंग्लंडचे उदाहरण मला जास्त विचार करण्यासारखे वाटते. तिथे पुनर्भरणाला मुभा आहे, पण २००६ च्या कायद्यानंतर टोप्या विकत घेताना प्रमाणपत्र दाखवावे लागते. हिशेब त्यांनीही सोडला नाही, फक्त तो पुंगळीवरून टोपीवर नेला. आपल्या नोंदी कधी तेवढ्या चोख झाल्या तर त्या रस्त्याचा विचार करता येईल. आज त्या तशा नाहीत.

नेमबाजीच्या खेळाचे काय? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते. त्यांच्या प्रकाराचे नाव घेऊन घरी काडतुसे भरण्याची बाजू मांडणे चुकीचे आहे. ५० मीटरला लागते ते .२२ चे काडतूस आणि त्याची टोपी वेगळी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. १० मीटरला तर हवेची बंदूक आणि छर्रा. पुनर्भरणाचा उपयोग उरतो तो ३०० मीटरच्या मोठ्या बोअरसारख्या मोजक्या प्रकारांत. त्या खेळाडूंची अडचण खरी आहे आणि ती सोडवायलाच हवी. पण मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, झाडलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवून ती सोडवता येईल. देशी काडतुसांचा दर्जा आणि पुरवठा सुधारणे हेही त्यातच येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि वरणगावचा कारखाना आहे. खेळाडूंसाठी चांगले काडतूस बनवण्याची मागणी त्यांच्याकडे नेटाने करायला हवी.

आता राहिला शेतकरी. मला त्याचाच आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. ठासणीच्या बंदुकीत शेतकरी दारू, चिंधी आणि छर्रे स्वतःच नळीत घालून गजाने ठासतो. मग कायद्याने त्याला दारू हाताळू दिलीच आहे, तर बाराबोरची पुंगळी भरली म्हणून काय मोठे झाले? फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ठासलेला बार त्या एका नळीत असतो; तो काढून खिशात घालता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्याच्या कट्ट्यात बसत नाही. भरलेले काडतूस या तिन्ही गोष्टी करते. म्हणून कायद्याने शेतकऱ्याच्या हाती ठासणीची बंदूक ठेवली यात शहाणपण होते, असे मी म्हणेन. शिवाय रानडुक्कर हा चुकीच्या बाराचा सूड घेणारा प्राणी आहे. कमी दारूचे काडतूस त्याला मारत नाही, नुसते जखमी करते, आणि जखमी डुक्कर अंगावर येते.

शेतकऱ्याला खरी मदत दुसरीकडून हवी आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. ही परवानगी वेळेत मिळाली आणि ती बजावायला प्रशिक्षित नेमबाज वनविभागाने दिला, तर उमापूरच्या शेतकऱ्याला बंदूक विकत घेण्याचीही गरज उरणार नाही, काडतुसाची तर नाहीच. नुकसानभरपाईचा पंचनामा आठवड्याच्या आत व्हावा, कुंपणाला अनुदान मिळावे, गावाने एकत्र राखण करावी. हे उपाय कंटाळवाणे वाटतील, पण त्यांनी पीक वाचते. मदत मिळाली नाही की माणूस काय करतो हेही आपल्याला माहीत आहे. तो पिठात किंवा फळात दडवलेला गावठी बॉम्ब शेताच्या कडेला ठेवतो. डुकराऐवजी तो गाय चावते, कुत्रे चावते, कधी घरातले मूल हातात घेते. २०२० मध्ये केरळात अशाच स्फोटकाने जबडा फाटलेल्या गाभण हत्तिणीने पाण्यात उभे राहून प्राण सोडले आणि देश हळहळला. घरगुती दारूकामाचा शेवट कुठे होतो, याचा तो पुरावा होता. त्या वाटेवर शेतकऱ्याला आणखी एक पाऊल पुढे नेणारी सवलत त्याच्या भल्याची नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती अमलात आणायला नवा कायदा लागत नाही. २०१९ पासून शस्त्र परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. बीड जिल्ह्यात यापुढे नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाकडे बंदूक दाखवण्याबरोबरच काडतुसांचा पाच वर्षांचा हिशेब मागावा: किती घेतली, किती शिल्लक, किती झाडली, कुठे आणि का, झाडलेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पोलीस ठाण्यात जमा कराव्यात. पुस्तिकेतल्या नोंदी दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहाव्यात. हिशेब लागला नाही तर परवाना थांबवावा, मग तो माणूस कोणत्याही पक्षाचा असो. आणि उमापूरच्या ग्रामसभेने येत्या रब्बीच्या आत रानडुकरांच्या उपद्रवाचा ठराव करून, गटनंबर आणि नुकसानीच्या फोटोंसह तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.